दोष मुलीच्या बोटांचा नव्हता, गिटारचा होता

पेटी आणि ढोलकी आपल्या वस्तीत घरोघरी ओळखीची. गिटार म्हटली की मात्र अजूनही आपल्याला ते ‘मोठ्या घरचे वाद्य’ वाटते. माझ्या धाकट्या मुलीने आठवीत असताना गिटार मागितली, तेव्हा मलाही तसेच वाटले. पण पोरीचा हट्ट मोडवेना. बोनस झाला होता. 2,800 रुपयांची नवी कोरी, चकचकीत निळी गिटार घरी आली.

पहिले पंधरा दिवस घरात आनंदीआनंद होता. मग मुलीची बोटे दुखू लागली. टोके लाल झाली, फोड आले. तारा कितीही जुळवल्या तरी पोटाकडच्या पडद्यांवर सूर बेसूरच लागे. दीड महिन्यात गिटार कपाटावर गेली. तेव्हा मी रागाने म्हणालो, “तुझ्या हातात सूरच नाही. मुकाट्याने अभ्यास कर.” मुलगी काही बोलली नाही. तिने गिटारवर जुनी चादर टाकली.

काही महिन्यांनी माझे वसईचे एक सहकारी घरी आले. ते लग्नसमारंभांत गिटार वाजवतात. त्यांनी चादर काढली, दोन-चार तारा दाबल्या आणि म्हणाले, “अहो भाऊ, या तारा माझ्याही बोटांना झेपत नाहीत. पोरीने काय करायचे?” बाराव्या पडद्यावर तार चार मिलिमीटरहून अधिक उंच होती. लोखंडी तारांच्या गिटारला तिथे दोन ते तीन मिलिमीटर उंची पुरते. मी मान खाली घातली. चूक वाद्याची होती आणि मी ती मुलीच्या खात्यावर टाकली होती.

त्यांच्याच ओळखीने वसईतल्या एका निवृत्त गृहस्थांची जुनी यामाहा गिटार 9,000 रुपयांना मिळाली. सांध्यांच्या दुखण्यामुळे त्यांना वाजवणे जमत नव्हते. यामाहा कंपनी 1966 पासून ‘एफजी’ नावाने अशा गिटारी बनवते. मोठ्या कारखान्यात, पण काळजीपूर्वक केलेले काम. नऊ हजार ही आपल्या घरासाठी लहान रक्कम नव्हे. पण मी वाणिज्य शाखेचा माणूस, म्हणून हिशेब मांडला. नव्या वस्तूचा मोठा घसारा सुरुवातीलाच होतो, आणि तो पहिल्या मालकाने सोसलेला असतो. चांगली जुनी गिटार नीट सांभाळली, तर उद्या बरीचशी रक्कम परत येते. आमच्या 2,800 च्या गिटारला मात्र कोणी 500 रुपयेही देईना. शिवाय लाकडात खोट असेल तर ती चार-पाच वर्षांत बाहेर पडते. जी गिटार वीस पावसाळे काढूनही सरळ राहिली, तिने परीक्षा दिलेली असते.

मात्र ‘जुने ते सोने’ म्हणून डोळे मिटून पैसे मोजू नका. आमच्या सहकाऱ्यांनी शिकवलेली तपासणी पालकांसाठी देत आहे.

पहिली गोष्ट, तारांची उंची. ज्या स्टीलच्या पट्टीचे शून्य अगदी कडेपासून सुरू होते, ती बाराव्या पडद्यावर उभी धरून मोजा. दुसरी, गिटारची मान. एका टोकाकडून, बंदुकीचा नेम धरावा तसे डोळा लावून पाहा. ती पिळलेली असेल तर घेऊ नका. किंचित बाक असला तर चालतो. लोखंडी तारांच्या बहुतेक गिटारींच्या मानेत पोलादी सळई असते, ती फिरवून जाणकार माणूस तो बाक कमी-जास्त करतो.

तिसरी, घोडी, म्हणजे पोटावरची जी पट्टी तारा धरून ठेवते ती. सहा लोखंडी तारांचा ताण मिळून साधारण 70 किलो भरतो. म्हणजे एक धडधाकट माणूस त्या घोडीला सतत लोंबकळत असतो. घोडीच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून पाहा. आत गेला तर घोडी उखडू लागली आहे असे समजा. चौथी, पडदे. तारांखाली खोल खाचा पडल्या असतील तर पडदे बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. पाचवी, सूर. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तिथे तारेला बोट नुसते टेकवून छेडा, मग तीच तार दाबून छेडा. दोन्ही वेळा सूर एकच आला पाहिजे.

शेवटी लाकूड. पोटाच्या गोल भोकाची कड निरखून पाहा. वरच्या रेषा कडेवरून तशाच आत उतरत असतील तर समोरची फळी अखंड लाकडाची आहे. थर दिसले तर प्लायवूड. प्लायवूडची गिटारही शिकायला चालते, पण अखंड फळीचा आवाज अधिक मोकळा असतो. आणि एक चूक कधीही करू नका. नायलॉन तारांच्या गिटारला लोखंडी तारा लावू नका. तिची बांधणी एवढा ताण सोसण्यासाठी नसते.

मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरते, फुगते आणि तारा वर जातात. म्हणून ओल येणाऱ्या भिंतीला गिटार टेकवू नये. वाजवून झाल्यावर तारा सुती फडक्याने पुसाव्यात. घामाने त्या लवकर गंजतात. खोक्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. पण गिटार कायम खोक्यात बंद करू नका. ती हाताला लागेल अशीच ठेवा. का, ते एका बाईच्या गोष्टीवरून कळेल.

एलिझाबेथ कॉटन या अमेरिकेतील कृष्णवर्णीय बाई. जन्म 1890 च्या दशकातला, नॉर्थ कॅरोलायना राज्यातला. लहानपणी लोकांच्या घरी कामे करून त्यांनी पैसे साठवले आणि 3 डॉलर 75 सेंटला एक गिटार घेतली. त्या डावखुऱ्या होत्या. तारा न बदलता त्यांनी गिटार उलटी धरली आणि आपलीच वाजवण्याची रीत तयार केली. ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणे त्यांनी किशोरवयातच रचले. पुढे लग्न झाले, चर्चच्या मंडळींनी ऐहिक गाणी सोडायला सांगितली, आणि कित्येक वर्षे गिटार सुटली. साठीकडे झुकताना त्या वॉशिंग्टनला सीगर नावाच्या संगीतकार कुटुंबात घरकाम करत होत्या. त्या घरात भिंतीवर एक गिटार टांगलेली होती. त्यांनी ती सहज हातात घेतली आणि बोटांना सगळे आठवले. 1958 साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. नव्वदीच्या घरात असताना त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. 1987 मध्ये त्या वारल्या.

ती गिटार कपाटावर चादरीखाली असती तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आमच्या घरी आता गिटार आतल्या भिंतीला, खिळ्यावर आहे. मुलगी दहावीत आहे. रात्री अभ्यास संपला की वीस मिनिटे वाजवते. तिच्या आईला एक गाणे फार आवडते, ते अजून पूर्ण जमलेले नाही. बोटांना घट्टे पडले आहेत, पण फोड आले नाहीत. मी तिची माफी मागितली तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “पप्पा, मलाही तेव्हा तसेच वाटले होते.” तेच मला जास्त लागले. आपण बोललो ते पोरीने खरे मानले होते.

पालकहो, मूल एखाद्या गोष्टीत मागे पडले तर आधी त्याच्या हातातले साधन तपासा. “तुला जमणार नाही” हे वाक्य त्यानंतरही बोलू नका.