चित्रकाराची महागडी पाटी

श्रोतेहो, पूर्वीं घरांतील मूल बरीं चित्रें काढूं लागलें म्हणजे आईबाप आम्हां चित्रकारांना विचारीत, "याला रंग कोणते आणून द्यावेत? ब्रश कितव्या नंबरचा घ्यावा?" उत्तर चुकलें तरी फारसें बिघडत नसे, फार तर चार-पांचशें रुपयांचे रंग कपाटांत वाळून जात. आज तेच आईबाप निराळा प्रश्न घेऊन येतात आणि त्याचें उत्तर चुकलें तर घराचें वर्षाचें अंदाजपत्रक कोलमडतें.

दोन वर्षांपूर्वीं माझे एक स्नेही असेच आले. नोकरींतून नुकतेच निवृत्त झालेले. कन्या ॲनिमेशनच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षांत. तिच्या संस्थेनें दिलेल्या साहित्याच्या यादींत एक महागडी, कोठेंहि बरोबर नेतां येईल अशी पेन टॅब्लेट सुचविलेली होती. "मुदत ठेव मोडूं काय?" एवढेंच त्यांनीं विचारलें. मुलगी शेजारीं मान खालीं घालून बसली होती. ही वस्तु मिळाली नाहीं तर आपण वर्गांत मागें पडूं, ही भीति तिच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होती. त्या दोघांना त्या दिवशीं मीं जें सांगितलें तेंच आज जरा विस्तारानें सांगावें असा विचार आहे.

प्रथम वस्तु कोणती तें नीट पाहूं. बाजारांत 'टॅब्लेट' या एकाच नांवाखालीं तीन निरनिराळ्या वस्तु विकल्या जातात आणि निम्मा घोटाळा येथेंच होतो. पहिली म्हणजे नुसती पाटी. ती काळी, पातळ असते आणि तिच्यावर कांहीं दिसत नाहीं. ती संगणकाला जोडावयाची, पेन पाटीवर चालवावयाचें आणि रेघ मात्र समोरच्या पडद्यावर उमटलेली पाहावयाची. ही तीन ते पांच हजार रुपयांत चांगली मिळते. दुसरी पडद्याची पाटी. हिच्यावर चित्र दिसतें, पेनाच्या टोंकाखालींच रेघ उमटते. परंतु हिला स्वतःची बुद्धि नसते, संगणकाच्या तारेला ती बांधलेली. तिसरी जात स्वयंपूर्ण. पडदा, संगणक, बॅटरी सर्व कांहीं एका पातळ तबकांत. पिशवींत टाकावी आणि घराबाहेर पडावें. २०२४ सालीं ॲपल कंपनीची तेरा इंची आयपॅड प्रो भारतांत आली तेव्हां तिची किंमत १,२९,९०० रुपयांपासून पुढें होती. वर पेन्सिल प्रो नांवाचें पेन निराळें, ११,९०० रुपयांचें. आमच्या स्नेह्यांच्या यादींत होती ती याच जातीची.

गंमत अशी कीं, या पाटीचा जन्म चित्रकारासाठीं झालेलाच नाहीं. १९६३ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें आयव्हन सदरलंड यांनीं आपल्या प्रबंधासाठीं 'स्केचपॅड' नांवाची योजना सिद्ध केली. तींत संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीनें आकृति काढतां येत. पुढल्याच वर्षीं रँड या संस्थेनें पृष्ठभागाखालीं तारांचें जाळें पसरलेली एक पाटी तयार केली. हीं सारीं साधनें इंजिनियरांचीं आणि गणितज्ञांचीं. १९८३ सालीं जपानांत वॅकॉम कंपनी निघाली आणि तिनें पेनाची तार काढून टाकली, त्यांतील बॅटरीहि काढून टाकली. तेव्हां कोठें पेन हातांत पेनासारखें बसूं लागलें.

तारेवांचून आणि बॅटरीवांचून तें चालतें कसें, याचें उत्तर आपल्या सतारींत सांपडेल. सतारींत वाजविण्याच्या तारांखालीं तरफेच्या बारीक तारा असतात. वरची तार त्यांच्या स्वरांत वाजली कीं, कोणी न छेडतां त्या आपोआप बोलूं लागतात. पाटीच्या पोटांतहि असेंच तारांचें जाळें आहे. तें क्षणार्धांत विद्युच्चुंबकीय लहरी सोडतें आणि लगेच गप्प राहून कान देतें. पेनांत एक तारेचें वेटोळें आणि एक कपॅसिटर त्याच स्वरांत जुळविलेले असतात. ते त्या लहरींचें बळ घेतात आणि जाळें गप्प होतांच उलट उत्तर देतात. उत्तर कोणत्या तारेपाशीं जोराचें आलें यावरून पेनाची जागा ठरते. टोंक दाबलें कीं पेनाच्या उत्तरांत किंचित् फरक पडतो, त्यावरून दाब ठरतो. हें सारें सेकंदांत शेंकडों वेळां चालतें. मूळ पेटंटांची मुदत संपल्यावर ह्यूऑन, एक्सपी-पेन इत्यादि चिनी कंपन्याहि अशींच पेनें करूं लागल्या. म्हणून स्वस्त पाटीचें पेन आणि महाग पाटीचें पेन यांत पंधरा वर्षांपूर्वीं जें जमीनअस्मानाचें अंतर होतें तें आज उरलेलें नाहीं. (ॲपलचें पेन मात्र या जातीचें नव्हे, त्याच्या पोटांत बॅटरी असते.)

दुकानांत गेल्यावर हें कोणी सांगत नाहीं. तेथें आंकडे सांगतात. २००९ सालीं दाबाचे २०४८ टप्पे ही अपूर्वाई होती, २०१६ सालीं ८१९२ झाले, आणि आतां कांहीं कंपन्या १६,३८४ पर्यंत गेल्या आहेत. श्रोतेहो, माझा हात चित्र काढण्यांत मुरलेला आहे असें लोक म्हणतात. पण २०४८ आणि ८१९२ यांतील भेद मला डोळे झांकून सांगतां येणार नाहीं. पाहावयाचें तें निराळेंच. पीस टेकावें इतक्या हलक्या हातानें पेन टेकलें तर रेघ सुरू होते काय? सावकाश तिरकी रेघ ओढली तर ती सरळ येते, कीं पायऱ्या पाडीत येते? या दोन परीक्षा दुकानांत उभ्याउभ्या पांच मिनिटांत होतात आणि त्या कोणत्याच जाहिरातींत छापलेल्या नसतात.

मग लाखभर रुपये देऊन मिळतें तरी काय? कांहीं मिळत नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. नुसत्या पाटीवर हात एकीकडे आणि दृष्टि दुसरीकडे, असा प्रकार असतो. पडद्याच्या पाटीवर हात आणि डोळा पुन्हां एकत्र येतात. महागड्या वस्तूंत कांचेचा पृष्ठभाग आणि खालचें चित्र यांमधील फट जवळजवळ नाहींशी केलेली असते. साध्या आयपॅडमध्यें ती जाणवते. पेनामागून रेघ यावयास लागणारा विलंबहि घटला आहे. ॲपलनें २०१९ सालीं आपल्या पेन्सिलीचा हा विलंब वीस मिलिसेकंदांवरून नवांवर आणल्याचें सांगितलें. रंग अधिक खरे दिसतात. वजन कमी होतें. वॅकॉमची २०२४ सालची मूव्हिंक नांवाची तेरा इंची पडद्याची पाटी अवघी ४२० ग्रॅम भरते. अर्थात् तिलाहि संगणक लागतोच.

बरोबर नेण्याच्या सोयीचें खरें मोल मात्र एका माणसाच्या उदाहरणानें चांगलें कळतें. इंग्लंडचे नामांकित चित्रकार डेव्हिड हॉक्ने यांचा जन्म १९३७ चा. वयाच्या सत्तरीनंतर, २००९ च्या सुमारास, ते आपल्या आयफोनवर बोटानें चित्रें काढूं लागले. समुद्रकांठच्या घरांत पहांटे जाग आली कीं, अंथरुणांत पडल्यापडल्याच खिडकींतला सूर्योदय काढावयाचा आणि मित्रांना पाठवून द्यावयाचा. अंधारांत दिवा न लावतां उजेडाचें चित्र काढतां येतें, कारण कागदच मुळीं स्वयंप्रकाशी! रंग कालवावयास नकोत, पाण्याचें भांडें नको आणि तोंवर सूर्य वर येऊन जाण्याची भीतिहि नको. २०१० सालीं आयपॅड निघाली ती त्यांनीं घेतली. २०११ च्या वसंतांत यॉर्कशायरमधील वोल्डगेटच्या रस्त्यावर पानें कशीं फुटत गेलीं हें त्यांनीं तिच्यावर दिवसांमागून दिवस टिपलें, आणि तीं चित्रें मोठ्या आकारांत छापून २०१२ सालीं लंडनच्या रॉयल अकॅडमींत लागलीं.

आतां यांतली एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. २०१० च्या आयपॅडला दाब ओळखणारें पेन नव्हतेंच. तें २०१५ सालीं आयपॅड प्रोबरोबर आलें. म्हणजे ज्या साधनावर तें प्रदर्शन उभें राहिलें त्याहून आज पांच हजारांच्या पाटीचें पेन अधिक सूक्ष्म आहे. हॉक्ने यांना त्या वस्तूचा उपयोग झाला, कारण त्यांना रस्त्यावर जावयाचें होतें, पहांटे काढावयाचें होतें आणि झटपट काढावयाचें होतें. पन्नास वर्षें खिशांत वही बाळगून हिंडलेल्या माणसाला नवी वही मिळाली, इतकाच त्याचा अर्थ. वहीच नसलेल्या माणसाला ती वस्तु हिंडावयास लावील, हा भरंवसा मला नाहीं.

शिवाय यॉर्कशायरचें ऊन्ह निराळें आणि आपलें निराळें. पुण्यांत वा नागपुरांत एप्रिलच्या सकाळीं दहा वाजतां कांचेवर चित्र काढावयास बसा. चित्राऐवजीं आपलाच घामेजलेला चेहरा दिसेल. पावसांत ती बाहेर काढवत नाहीं. उन्हानें तापली कीं स्वतःहूनच मंद होते. कागदाच्या वहीला यांतलें एकहि दुखणें नाहीं.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. स्वयंपूर्ण वस्तु ही तिच्यांतील सर्वांत अल्पायुषी भागाइतकीच जगते. वॅकॉमनेंच २०१६ सालीं मोबाइल स्टुडिओ प्रो नांवाची एक उत्तम वस्तु काढली होती. सुंदर पडदा, उत्कृष्ट पेन आणि आंत पुरा संगणक. पुढें आंतला संगणक जुना झाला, नव्या कामाला अपुरा पडूं लागला. पडदा आणि पेन मात्र ठणठणीत. संगणक बदलावा तर पडद्यासकट सर्वच टाकावें लागे. नुसती पाटी संगणकापासून वेगळी असते, त्यामुळें संगणक बदलला तरी ती राहते. माझ्या टेबलावरची पाटी तीन संगणकांना पुरून उरली आहे. तिच्या पृष्ठभागावर मधोमध गुळगुळीत चकाकी आली आहे एवढेंच. पेनाचीं टोंकें झिजतात, पण तीं थोडक्या पैशांत मिळतात.

आणि नुसत्या पाटीचा जो दोष म्हणून सांगितला, कीं हात इकडे आणि डोळा तिकडे, तो तीन-चार आठवड्यांत जातो. हार्मोनियम वाजविणारा पट्ट्यांकडे कोठें पाहतो? उलट मान ताठ राहते, आणि स्वतःच्या हाताची सावली चित्रावर पडत नाहीं. पडद्याची पाटी परवडत असतांहि नुसती पाटीच पसंत करणारे व्यावसायिक मीं पाहिले आहेत.

ज्यांना स्वयंपूर्ण वस्तु घ्यावयाचीच आहे त्यांनीं दोन ठिकाणीं जपावें. एक रॅमविषयीं. छापण्याजोगें ए-फोर पान म्हणजे इंचाला ३०० बिंदु धरून २४८० गुणिले ३५०८ बिंदु होतात. प्रोक्रिएटसारख्या ॲपमध्यें अशा पानावर किती थर घेतां येतील हें रॅमवर ठरतें. म्हणून पैसे घालावयाचे तर येथें घालावेत, पडद्याच्या लखलखाटावर नव्हे. दुसरें पेनाविषयीं. ॲपलनें २०२३ सालीं यूएसबी-सी पेन्सिल नांवाची स्वस्त पेन्सिल काढली. ती दिसावयास तशीच, परंतु तिला दाब मुळींच कळत नाहीं. टिपणें लिहावयास ती चांगली, पण जाड-बारीक रेघ हाताच्या जोरावर तिच्यानें येणार नाहीं. तिच्याच पहिल्या, २०१५ च्या पेन्सिलीला दाब कळतो, आणि २०१८ पासून ती साध्या आयपॅडलाहि चालते. मुलाच्या वाढदिवसाला हौसेनें स्वस्त पेन्सिल आणून पुढें हळहळणारीं दोन घरें मला ठाऊक आहेत.

माझा हिशेब असा आहे. गेल्या महिन्यांत टेबलापासून दूर, घराबाहेर, आपण किती दिवस चित्र काढलें? कागदावर काढलेलेंहि धरावें. दहा-पंधरा दिवस काढलें असेल, किंवा प्रवासांत राहूनच कामें पुरीं करावीं लागत असतील, तर महागडी वस्तु वर्षभरांत आपली किंमत फेडील, खुशाल घ्यावी. एक-दोनच दिवस असतील तर पिशवींत मावण्याच्या गुणासाठीं आपण लाख रुपये मोजतों आहों आणि ती पिशवी खुंटीवरच राहणार आहे.

त्या मुलीला मीं हाच प्रश्न विचारला. तिनें प्रामाणिकपणें सांगितलें, "एकहि दिवस नाहीं." ठेव मोडली नाहीं. चार हजारांची पाटी आली, घरांतल्या जुन्या संगणकावर क्रिता नांवाचें फुकट मिळणारें ॲप बसविलें, आणि वडिलांनीं उरलेल्या पैशांतून तिला कागदाच्या सहा वह्या घेऊन दिल्या. पहिले तीन आठवडे ती फार चिडली. रेघ भलतीकडेच जाते म्हणून एकदां रडलीहि. वर्गांतल्या दोघांकडे यादींतली टॅब्लेट होती, त्याचें शल्य तिला होतेंच. तें मला नाकारतां येत नाहीं. चौथ्या आठवड्यानंतर तिचा फोन आला नाहीं.

या वर्षीं तिला मुलांच्या एका पुस्तिकेचीं चित्रें काढावयास मिळालीं. त्या पैशांतून तिनें एक वापरलेली आयपॅड घेतली. घेण्यापूर्वीं बॅटरी किती उरली आहे तें तपासलें आणि दुकानांतच तिरकी रेघ सावकाश ओढून पाहिली. रविवारीं पहांटे ती घेऊन ती पर्वतीवर जाते. नऊच्या सुमारास ऊन्ह कांचेवर येतें, तेव्हां ती पिशवींत ठेवते आणि वही काढते.