काढण्याची टोपी

‘मस्तकावरचे जग’ : लेखांक सातवा

गेल्या सहा लेखांकांत टोपी कशी बनते, कोणत्या जनावराच्या लोकरीची बनते आणि ती बनविणाऱ्या कारागिराच्या हातापायांत पाऱ्याच्या विषाने कंप कसा भरे, एवढे सर्व सांगून झाले. परंतु जी क्रिया घडल्यावाचून पाश्चात्त्य टोपीचे जीवितकार्य पुरे होत नसे, त्या टोपी उतरविण्याच्या क्रियेविषयी एक अक्षरही लिहावयाचे राहून गेले. ही उणीव आता भरून काढणे अगत्याचे झाले आहे; कारण लंडन-न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर तरुण स्त्रीपुरुषांच्या मस्तकी टोपी पुन्हा विराजमान झाल्याचे वर्तमान आपण वरचेवर वाचतो, आणि ते खोटेही नाही. मात्र जी आली ती गेलेलीच टोपी होय काय, याची तपासणी फारसे कोणी करताना दिसत नाही.

शिरोवेष्टनांचे घाट जगात शेकडो असले, तरी व्यवहाराच्या दृष्टीने त्यांचे दोनच वर्ग पडतात: काही डोक्यावर ठेवण्यासाठी असतात आणि काही डोक्यावरून काढण्यासाठी. आपली पगडी, पागोटे, फेटा ही सारी पहिल्या वर्गातली. जोडे दाराशी आणि पागोटे माथ्यावर हा दरबाराचा शिरस्ता. बोडक्या डोक्याने मुजरा करणे ही बेअदबी, आणि पागोटे उतरवून दुसऱ्याच्या पायांवर ठेवणे ही तर शरणागतीची परिसीमा. गोऱ्या साहेबाचा दस्तुर नेमका उलटा: बूट पायांत आणि हॅट हातात. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज या सगळ्यांना मिळून ‘टोपीकर’ हे एकच नाव दिले. पण ज्या वस्तूवरून आपण त्यांना ओळखले, ती वस्तू आदर दाखवावयाचा म्हणजे ते पहिल्याप्रथम डोक्यावरून खाली घेत, ही त्या नामकरणातील गंमत आहे.

दोन्ही वर्गांतील भेदाची खूण टोपीच्या कडेत सापडते. हॅटला सभोवार कड असते, ती ऊन-पाऊस अडविते हे खरे. पण तीच हॅटची मूठही असते, कारण ती दोन बोटांत धरली की हॅट एका क्षणात उचलली जाते आणि तितक्याच सहज जागेवर बसते. पागोट्याला अशी मूठ नाही. ते बांधावयाचे, आणि दिवस सरल्यावर घरी सोडावयाचे किंवा खुंटीवर ठेवावयाचे. फेझ टोपीला कड नाही याचेही कारण तसेच सबळ आहे: नमाजात टोपी डोक्यावर असताना कपाळ भुईला टेकले पाहिजे आणि कड मध्ये आली तर ते टेकत नाही. मुस्तफा केमाल याने १९२५ च्या ऑगस्टात कास्तामोनू येथे पनामा हॅट मिरवून भाषणे केली, आणि त्याच वर्षीच्या २५ नोव्हेंबरला तुर्कस्तानात फेझबंदीचा कायदा झाला, तेव्हा लोकांच्या डोक्यांवर नुसता नवा घाट आला असे नव्हे, तर कपाळ आणि भूमी यांच्यामध्ये बोट-दोन बोटे रुंदीची एक कड आली. कडेच्या प्रश्नावरून प्रजा इतकी का क्षुब्ध होते, हे ज्याला टोपी केवळ वस्त्र वाटते त्याला कळणे कठीण आहे.

टोपी काढण्याला युरोपात किती मोल होते, याचा उत्तम दाखला १६७० सालच्या लंडनातील एका खटल्यात मिळतो. ईश्वरावाचून अन्य कोणापुढे हॅट उतरवावयाची नाही असा क्वेकर पंथीयांचा कडवा नेम होता. त्या पंथाचा विल्यम पेन, जो पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक झाला, तो आणि त्याचा सोबती विल्यम मीड हे रस्त्यावर बेकायदा जमाव करून उपदेश केल्याच्या आरोपावरून ओल्ड बेलीच्या न्यायासनापुढे आणले गेले. आत येताना शिपायाने त्यांच्या हॅटा काढून घेतल्या होत्या. न्यायाधीशांनी हुकूम केला की, त्या पुन्हा त्यांच्या डोक्यांवर ठेवा. आणि ठेवल्या जाताच, कोर्टापुढे हॅट घालून उभे राहिल्याबद्दल दोघांना चाळीस-चाळीस मार्कांचा दंड ठोठावला. गुन्हा नसेल तर तो आरोपीच्या डोक्यावर आपल्या हाताने ठेवावा आणि मग त्याची शिक्षा द्यावी, असा हा निवाडा होता. आपल्याकडे ‘टोपी घालणे’ या वाक्प्रचाराचा जो अर्थ आहे तो इतक्या अक्षरशः अन्यत्र उतरल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

पुढील अडीचशे वर्षांत या क्रियेचे एक सविस्तर व्याकरण सिद्ध झाले. ओळखीची स्त्री वाटेत भेटली तर हॅट उचलावी, बरोबरीचा पुरुष भेटला तर कडेला नुसता हात लावावा, वरिष्ठापुढे ती पूर्ण उतरवावी, घरात, जेवणाच्या मेजावर, चर्चमध्ये आणि शवयात्रा जाताना ती हातात असावी: अशी अनेक कलमे, लिहिलेली नसूनही, सामान्य कारकुनापासून उमरावापर्यंत प्रत्येकाला मुखोद्गत असत. हॅट नसलेल्या पुरुषाला सभ्य लोकांत वावरता येत नसे याचे कारण त्याचे डोके उघडे पडे हे नव्हे; त्याच्यापाशी काढावयाला काही नसे, हे होते.

आणि येथे वाचकांचे लक्ष एका विसंगतीकडे वेधावेसे वाटते. ही सगळी कलमे पुरुषांपुरती होती. पाश्चात्त्य स्त्रीची हॅट लांबलचक पिनांनी केसांत खोचलेली असे, ती कोणाच्याही आदरार्थ उतरत नसे, आणि चर्चमध्ये, जेथे पुरुषाने डोके उघडे करावयाचे, तेथे स्त्रीने ते झाकावयाचे असा सेंट पॉलच्या काळापासूनचा दंडक होता. कॅथलिक धर्मसंहितेच्या १९१७ च्या आवृत्तीत तो कलमबद्ध होता आणि १९८३ च्या आवृत्तीत तो गाळला गेला. म्हणजे इंग्रज पुरुषाची हॅट हॅट होती, परंतु त्याच्या मडमेची हॅट ही व्यवहारतः पगडीच होती! न उतरणाऱ्या वस्तूवर अलंकरणाचा भार वाढत जातो, हा नियम आपल्या शिरपेच-कलगीप्रमाणे तेथेही लागू पडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्त्रियांच्या हॅटांवर पिसे, पंख आणि कधी कधी अख्खा पक्षी बसविण्यापर्यंत मजल गेली. ढोकरी आणि बगळे यांच्या विणीच्या हंगामातील नाजूक तुऱ्यांसाठी त्यांचा जो संहार चालला होता त्यात हिंदुस्थानचाही वाटा होता, आणि येथून पिसांची निर्यात करण्यास १९०२ साली सरकारने मनाई केली. इंग्लंडात पक्षिसंरक्षणाची जी संस्था १८८९ मध्ये जन्माला आली, ती स्त्रियांनीच स्त्रियांच्या हॅटांविरुद्ध उभारली होती, हे त्यांच्या श्रेयाच्या खाती मांडले पाहिजे.

हॅट गेली कशी, याविषयी एक आवडती दंतकथा आहे. अध्यक्ष केनेडी १९६१ च्या जानेवारीत शपथविधीला बोडक्या डोक्याने गेला आणि त्या दिवशी अमेरिकेतील हॅटचा धंदा बसला, असे सांगतात. वस्तुतः त्या दिवशी तो रेशमी उंच हॅट घेऊनच गेला होता. शपथ आणि भाषण यांपुरती त्याने ती उतरविली, म्हणजे जे शिष्टाचाराप्रमाणे करावयाचे तेच केले. धंद्याला उतरती कळा त्याच्या कितीतरी आधी लागली होती. मोटारीचे छप्पर उत्तरोत्तर खाली येत गेले आणि हॅट घालून बसणे अवघड झाले, शिवाय बंद मोटारीत ऊन-पाऊस लागत नाही; महायुद्धात वर्षानुवर्षे डोक्यावर सरकारी टोपी वागविलेल्या तरुणांना घरी आल्यावर आणखी एक टोपी नकोशी झाली; स्त्रियांच्या बाबतीत तर १९६० च्या सुमाराच्या फुगीर केशरचनेवर हॅट ठेवणे म्हणजे तासाभराची मेहनत मातीत घालणे होते. वस्तूचा तुटवडा हे कारण मात्र नव्हते. ब्रिटनमध्ये १९४१ पासून कपडे कुपनांवर मिळू लागले तरी हॅट त्या बंधनातून मोकळी होती, आणि तरीसुद्धा बाया डोक्याला रुमाल बांधूनच कारखान्यात गेल्या. स्टॉकपोर्टला हॅटांचा शेवटचा कारखाना १९९७ मध्ये बंद पडला. तेथे आता हॅटांचे संग्रहालय आहे. ल्यूटनच्या फुटबॉल संघाला ‘हॅटर्स’ हे टोपणनाव आहे. टोपीचा धंदा ओसरल्यावर टोपणनाव उरावे, ही मराठीत साधणारी कोटी इंग्रजांना कळावयाची नाही.

पण या सर्व कारणांच्या मुळाशी मला एक वेगळेच कारण दिसते: टोपी काढण्याच्या दंडकाचा लोकांना वीट आला होता. ज्या समाजात हॅट सक्तीची असते तो तिच्यावरून किती असहिष्णु होऊ शकतो, हे न्यूयॉर्कने १९२२ साली दाखविले. पंधरा सप्टेंबरनंतर गवती हॅट घालावयाची नाही असा तेथे मामूल होता. त्या वर्षी पोरांच्या टोळक्यांनी दोन दिवस आधीच रस्त्याने जाणाऱ्यांच्या हॅटा उडवून तुडविण्यास सुरुवात केली, गोदीवरचे मजूर अंगावर धावून गेले, मॅनहॅटन पुलावरची रहदारी थांबली, आणि टोकाला खिळे ठोकलेल्या काठ्या घेऊन हिंडणाऱ्या टोळ्यांचा धुमाकूळ कित्येक दिवस चालला. पंचांगात तारीख पाहून टोपी बदलावी लागणे ही काही सुखाची गोष्ट नव्हे. अशा वस्तूपासून सुटका करून घेण्याची पहिली संधी मिळताच पुरुषवर्गाने ती साधली, यात नवल कसले?

आता जी टोपी परत आली तिचा वंश पाहू. ती वरच्या थरातून मुळीच आली नाही. सर्वांत जास्त डोक्यांवर आहे ती बेसबॉल खेळाडूची चोचदार टोपी. १९९६ साली दिग्दर्शक स्पाइक ली याने यांकीज संघाची नेहमीची गडद निळी टोपी न्यू एरा कंपनीकडून लाल रंगात करवून घेतली. त्या रंगबदलाने ती टोपी संघाच्या ताब्यातून निसटून वेशभूषेच्या बाजारात दाखल झाली. दुसरी, इंग्लंडातील कामकऱ्याची चपटी कॅप. तिला २०१३ पासून दाखविल्या गेलेल्या ‘पीकी ब्लाइंडर्स’ या बर्मिंगहॅमच्या गुंडांवरील मालिकेने नवे तेज आणले. तिसरी, बालदीसारखी उतरत्या कडेची मऊ टोपी, मासे गळाला लावीत बसणाऱ्यांची. फेडोरा तेवढी पूर्वीची प्रतिष्ठित. पण तीही मूळची स्त्रीची. पॅरिसला १८८२ मध्ये सार्दूच्या ‘फेदोरा’ नाटकात सारा बर्नहार्टने ती घातली, स्त्रियांनी ती उचलली, आणि पुरुषांची म्हणून ती ओळखली जाऊ लागली ती मागाहून. आज मुली ती घालतात तेव्हा पुरुषी वेश केल्याचे ज्यांना वाटते, त्यांनी हा दाखला ध्यानात ठेवावा.

या सर्व टोप्यांत एक गुण समान आहे. त्या काढल्या जात नाहीत. गायक फॅरेल विल्यम्स २०१४ च्या ग्रॅमी समारंभाला व्हिव्हियन वेस्टवुडची एक उत्तुंग, मध्ये खळगा असलेली हॅट घालून गेला. ती गालिच्यावर त्याच्या डोक्यावर होती आणि मंचावरही होती. तिची जगभर टवाळी झाली, मागाहून धर्मादाय कार्यासाठी ती ४४,१०० डॉलरांना विकली गेली. पण त्याने ती उतरविली नाही म्हणून कोणी बोट दाखविल्याचे आढळत नाही. तरुण मंडळी उपाहारगृहात, कचेरीत, वर्गात टोपी घालून बसतात, आणि ती काढून ठेवावी म्हटले तर ठेवणार कोठे? पूर्वी प्रत्येक हॉटेलाच्या दाराशी हॅट सांभाळणारा नोकर आणि आगगाडीच्या डब्यात हॅटपुरती फळी असे; ती सारी बडदास्त मोडीत निघाली आहे. कड अजून आहे, पण मुठीचे काम संपले. थोडक्यात, मडमेच्या पाठोपाठ साहेबाची हॅटही आता पगडीच्या वर्गात आली. आपण मात्र त्याच काळात, पुणेरी पगडीला भौगोलिक मानांकन मिळवून देत देत, तिला सत्कारापुरती ठेवली: व्यासपीठावर दुसऱ्याने घालावयाची, छायाचित्र निघाले की यजमानाच्या हाती परत द्यावयाची. पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून मोटारसायकलवर निघालेल्या गिरगाव-डोंबिवलीच्या मुली फेटा बांधतात, तो तरी दुपारपर्यंत उतरत नाही.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट मात्र वेगळी सांगितली पाहिजे, कारण तेथे टोपी शृंगारापोटी आली नाही. गोऱ्या कातडीला तेथील ऊन सोसत नाही, त्वचेचा कर्करोग फार. म्हणून १९८१ पासून सदरा चढवा, मलम चोपडा, टोपी घाला, असा त्रिविध उपदेश एका चित्रातील समुद्रपक्ष्याच्या तोंडून घरोघर पोहोचविण्यात आला. तेथील प्राथमिक शाळांत ‘टोपी नाही तर खेळ नाही’ हा नियम आहे, आणि टोपी म्हणजे मानेवर व नाकावर सावली पडेल अशी रुंद कडेची.

मेलबर्नला राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांची सात वर्षांची नात नाताळच्या सुटीत पुण्यास आली होती. तिची टोपी विमानात राहिली, आणि टोपीवाचून ती अंगणात उतरावयास तयार होईना. आजोबांनी बरेच समजाविले, मग माळ्यावरची पेटी काढून आपल्या वडिलांची काळी टोपी झटकून तिच्या डोक्यावर ठेवली. पोर दारापर्यंत गेली, उन्हात उभी राहिली, नाकावर हात धरून पाहिला आणि परत आली.

“आजोबा, हिची सावली कुठे आहे?”

काळी टोपी पेटीत गेली आणि त्या दिवशीचा खेळ आतल्या ओटीवर झाला.

(क्रमशः)