सगळ्या खोल्यांना एकच स्लायडिंग नको! जुन्या खिडक्या बदलताना कुठे काय बसवायचं?

सातारा : उसाची बिलं खात्यावर जमा झाली किंवा घरात लग्न ठरलं की गावोगावी घरांची डागडुजी निघते. रंग, फरशी, नवा ओटा आणि हल्ली त्याच्या जोडीला जुन्या लाकडी नाहीतर लोखंडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग बसवणं. फॅब्रिकेटर टेप घेऊन येतो, मापं घेतो, स्क्वेअर फुटाचा रेट सांगतो आणि बैठकीच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत एकाच नमुन्याच्या खिडक्या बसतात. घर झकास दिसतं. मग पहिला उन्हाळा येतो आणि घरातली माणसं म्हणायला लागतात, नव्या खिडक्या लावल्यापासून जीव घुसमटतोय.

यात खिडकीचा दोष कमी आणि निवडीचा जास्त आहे. प्रत्येक खोलीचं काम वेगळं असतं, त्यामुळे खिडकीही वेगळी लागते.

निम्मी खिडकी कायम बंद

दोन ट्रॅकच्या स्लायडिंगचा एक पल्ला दुसऱ्याच्या मागे सरकतो. ४ बाय ४ फुटांची खिडकी घेतली तर पैसे १६ चौरस फुटांचे जातात, वारा मात्र ८ चौरस फुटांतूनच येतो. कब्जावर उघडणाऱ्या दोन पल्ल्यांची तेवढीच खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते.

आपल्या देशाची राष्ट्रीय इमारत संहिता याचा हिशेब देते. राहत्या खोलीच्या खिडक्यांचं क्षेत्रफळ उष्ण-कोरड्या हवामानात जमिनीच्या निदान एक दशांश आणि उष्ण-दमट हवामानात एक षष्ठांश असावं, असं ती सांगते. म्हणजे १० बाय १२ च्या खोलीला कोरड्या भागात १२ चौरस फूट आणि दमट भागात २० चौरस फूट खिडकी हवी. आता तुमच्या खोलीत एकच ४ बाय ४ ची स्लायडिंग असेल, तर कागदावर १६ फूट भरतात आणि वाऱ्याला ८ च मिळतात.

दुसरी गोष्ट फटींची. जुनी लाकडी खिडकी बंद केली तरी पूर्ण बंद नसायची. पल्ला फुगलेला, तावदानाची लांबी निघालेली, चौकट आणि भिंतीच्या मध्ये बोट जाईल एवढी फट. थंडीत त्याच फटींना आपण नावं ठेवायचो, पण घरातला धूर आणि कोंदट हवा तिथूनच बाहेर जायची. नवी खिडकी रबर आणि सिलिकॉनने बंद होते. मग आत काही जळत असेल तर ते जाणार कुठून?

बाळंतिणीची खोली आणि शेगडी

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि खिडकी बदलताना तोच कुणी विचारात घेत नाही. आपल्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला शेक देतात. खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवतात, ओवा-शेपाची धुरी देतात आणि वारं लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावून घेतात. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते. बाळंतीण थकलेली असते, तिला झोप लागली असंच घरच्यांना वाटतं. बाळाला तर सांगताच येत नाही.

जुन्या घरात कौलांतून आणि खिडकीच्या फटींतून हा वायू निघून जायचा. स्लॅबच्या घरात, नव्या घट्ट खिडकीच्या आत, तो तिथेच साठतो. म्हणून ही खोली ठरलेली असेल तर तिथे कब्जाची खिडकी आणि तिच्या वर कायम उघडा राहणारा, जाळीचा झरोका ठेवा. वारं थेट खाटेवर येऊ नये एवढं बघितलं की झालं. शेगडीचे निखारे खोलीबाहेर फुलवावेत, शेक झाला की शेगडी बाहेर काढावी आणि ती रात्रभर आत ठेवूच नये. महाबळेश्वर-जावळीच्या थंडीत ऊब घेण्यासाठी शेगडी पेटवणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

न्हाणीघर : इथे स्लायडिंग अजिबात नको

न्हाणीघराला बऱ्याच जुन्या घरांत काचेच्या पट्ट्यांची, म्हणजे लूव्हरची खिडकी असते. पट्ट्या तिरक्या असल्याने बाहेरचं दिसत नाही, पाऊस आत येत नाही आणि वाफ निघून जाते. ती काढून लोक दुधी काचेची छोटी स्लायडिंग बसवतात. मग आडोशासाठी ती कायम बंद राहते, भिंतीला बुरशी धरते, दार खालून कुजतं. पट्ट्या फुटल्या असतील तर नव्या पट्ट्या टाका, खिडकी तीच राहू द्या. नवीनच करायची असेल तर जमिनीपासून सहा फुटांच्या वर, निदान २ बाय २ ची, पट्ट्यांचीच करा. संहितेत न्हाणीघराच्या झरोक्यासाठी किमान ०.३७ चौरस मीटर मोकळी जागा सांगितली आहे, ती साधारण एवढीच भरते.

गॅस गीझर असेल तर गोष्ट आणखी गंभीर आहे. बंद न्हाणीघरात गॅस गीझर जळत राहिला की आतला ऑक्सिजन कमी होतो आणि तोच बिनवासाचा वायू तयार होतो. अंघोळीला गेलेलं माणूस आतच बेशुद्ध पडतं. अशा बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतो. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्यावर बसवायचा आणि आत फक्त पाण्याची नळी आणायची. खिडकी मोठी आहे म्हणून गीझर आत चालेल, असं समजू नका. बंबाचंही तसंच.

स्वयंपाकघर

इथे मात्र स्लायडिंगला माफी आहे. ओट्याच्या वरची खिडकी कब्जाची आणि आत उघडणारी केली तर पल्ला नळाला, भांड्यांच्या मांडणीला आपटतो. बाहेर उघडणारी केली तर ओट्यावरून वाकून ती लावताना हात पुरत नाही. सरकणारी खिडकी हाताला सोपी पडते. पण ती मोठी घ्या. संहितेप्रमाणे स्वयंपाकघराची खिडकी किमान १ चौरस मीटर, म्हणजे पावणेअकरा चौरस फुटांच्या आसपास हवी. स्लायडिंग असेल तर त्याहून मोठीच बरी.

खिडकी गॅसच्या अगदी समोर नको, वाऱ्याने ज्योत विझते. बाजूला असावी. आणि छताजवळ झरोका हवाच. मिरच्या भाजल्यावर अख्ख्या घराला ठसका लागतो, कारण धूर वर चढतो आणि खिडकीच्या वरच्या दोन फुटांत अडकतो. एक्झॉस्ट फॅन लावला तरी बाहेरची हवा आत यायला वाट लागते. सगळं बंद करून नुसता फॅन लावला तर तो घरघरतो, धूर ओढत नाही.

गॅसच्या गळतीचं गणित उलटं आहे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साचतो. उंचावरच्या खिडकीने तो निघत नाही. म्हणून स्वयंपाकघराच्या बाहेरच्या दाराखाली जाळीची फट ठेवलेली चांगली. वास आला तर आधी दार उघडा, मग खिडकी, आणि दिव्याच्या बटणाला हात लावू नका.

भाकरी आणि पाण्यासाठी अजून चूल पेटत असेल, तर ती घट्ट खिडक्यांच्या नव्या स्वयंपाकघरात आणू नका. पडवीतच राहू द्या.

झोपायची खोली

समोरासमोर किंवा लगतच्या दोन भिंतींना दोन लहान खिडक्या असतील, तर त्या एका मोठ्या खिडकीपेक्षा चांगल्या. वारा आत येतो तसा त्याला बाहेर जायला वाट लागते. घरकुलाच्या २५ चौरस मीटरमध्ये तर हे आधी बघावं, कारण तिथे बसणं, झोपणं सगळं एकाच जागी असतं.

खिडकीची उंचीही बघा. नव्या घरांत खिडकी तीन-साडेतीन फुटांवर सुरू होते. पलंगावर झोपणाऱ्याला ठीक, पण खाली अंथरूण टाकणाऱ्याच्या डोक्यावरून वारा निघून जातो. जुन्या वाड्यांच्या खिडक्या बुटक्या का असायच्या, ते मांडी घालून बसल्यावर कळतं. खिडकी दोन-सव्वादोन फुटांवर घ्यायची असेल तर गज जवळजवळ हवेत, लहान पोराचं डोकं जाणार नाही असे.

या खोलीला कब्जाचीच खिडकी घ्या. पल्ल्याला हूक किंवा स्टॉपर लावून घ्यायला विसरू नका, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात पहिल्याच दिवशी काच जाते. फक्त घराशेजारी अरुंद बोळ असेल आणि बाहेर उघडलेला पल्ला येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याला लागत असेल, तर तिथे स्लायडिंगच बरी. डासांच्या जाळीसाठी तीन ट्रॅकची घ्या. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणजे जाळी दिवसाही हवी. जाळीने वारा कमी होतो आणि धूळ बसली की आणखीच, म्हणून ती काढून धुता येते का ते आधीच विचारा.

सगळ्या खिडक्यांना पक्कं ग्रिल ठोकलं तर आग लागल्यावर माणूस अडकतो. झोपायच्या खोलीत निदान एका खिडकीचं ग्रिल कडी-कुलपाचं, उघडणारं करा आणि किल्ली घरातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा.

बैठकीच्या खोलीबद्दल फार सांगायला नको. तिथे मोठी स्लायडिंग शोभते आणि दार उघडंच असतं. एकच गोष्ट : आरशासारखी काच दिवसा आतलं दिसू देत नाही, पण रात्री आत दिवा लागला की रस्त्यावरून सगळं दिसतं. पडदा लागतोच.

धान्याची खोली

इथे उजेड थोडा आणि हवा कोरडी हवी. लहान, उंचावरची खिडकी पुरते. प्लास्टिकची किंवा फायबरची जाळी उंदीर एका रात्रीत कुरतडतो. लोखंडी किंवा स्टीलची, बारीक भोकांची जाळी मारा. उंदीर आला की त्याच्या मागे साप येतो, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

माणला एक, पाटणला एक

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माण-खटावला साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. दोन्हीकडे तीच खिडकी कशी चालेल?

पाटण, जावळी, महाबळेश्वरला पश्चिमेचा पाऊस आडवा मारतो. तिथे साधं लोखंड गंजतं आणि लाकूड फुगतं. ॲल्युमिनियम किंवा यूपीव्हीसी घ्यावं, पल्ला बाहेर उघडणारा घ्यावा, म्हणजे वाऱ्याच्या दाबाने तो चौकटीवर आणखी घट्ट बसतो. स्लायडिंगच असेल तर खालच्या ट्रॅकला पाणी जायची भोकं असतात, ती गवंड्याने सिमेंटने बुजवली नाहीत ना ते स्वतः बघा. ती बुजली की ट्रॅक भरतो आणि पाणी घरात उतरतं.

माण, खटाव, फलटणला त्रास उन्हाचा आणि धुळीचा. धुळीने स्लायडिंगचे रोलर अडकतात. पश्चिमेला मोठी काच लावणं म्हणजे दुपारी तवा तापत ठेवणं. काळी काच लावून काम भागत नाही. ती स्वतःच तापते आणि खोलीत अंधार करते तो वेगळाच. ऊन काचेवर पडण्याआधीच अडवावं लागतं. दक्षिणेला छज्जा पुरतो, पण पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, तिथे बाहेरून बांबूचा चिक किंवा झाड हवं. जुनी लाकडी पल्ल्यांची खिडकी सागवानी असेल आणि वाळवी लागलेली नसेल, तर या भागात ती बदलायची घाईच करू नका. कब्जे नवे, जाळी नवी, एक हात रंग. तेवढ्यात आणखी बरीच वर्षं निघतात.

भिंत फोडण्याआधी

दगड-मातीच्या भिंतीत खिडकीच्या वरचा लाकडी पाट वरचं वजन पेलत असतो. चौकट काढताना तो हलवू नका आणि खिडकी रुंद करायची असेल तर जाणत्या गवंड्याला किंवा इंजिनिअरला आधी दाखवा. भिंतीच्या कोपऱ्याला लागून नवी खिडकी फोडू नये. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात अशा भिंती कशा बसल्या, ते पाटण खोऱ्यातल्या जुन्या माणसांना अजून आठवतं.

माप घेताना रुंदी वर, मध्ये आणि खाली घ्यायची, उंचीही तीन ठिकाणी, आणि सगळ्यात लहान माप धरायचं. रेट ठरवताना त्यात काच, जाळी, जुनी खिडकी काढणं, बसवणं आणि सिलिकॉन धरलंय का, ते फॅब्रिकेटरकडून कागदावर लिहून घ्या. सेक्शनची आणि काचेची जाडीही त्यात असू द्या. ओल्या भिंतीला सिलिकॉन धरत नाही, त्यामुळे पश्चिमेकडच्या तालुक्यांत हे काम वळीव सुरू होण्याआधी उरकलेलं बरं.