चेकडिस्क (विंडोज एक्सपी)

चेकडिस्क हे मायक्रोसॉफ्ट विंडोज या संगणक प्रणालीतील, हार्ड डिस्कवरील नोंदींची तपासणी व दुरुस्ती करणारे साधन आहे. आज्ञा देताना त्याचे नाव सीएचकेडीएसके असे संक्षेपाने टंकित करतात. विंडोज एक्सपी ही आवृत्ती २५ ऑक्टोबर २००१ रोजी प्रसिद्ध झाली. संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर आपोआप चालणारी तपासणी हे तिच्यातील चेकडिस्कचे परिचित रूप होय. मायक्रोसॉफ्टने या आवृत्तीचे सर्वसाधारण साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवले. चेकडिस्क नोंदींमध्ये मेळ घालते, मजकूर वाचवण्याची हमी देत नाही. त्यामुळे त्रुटी आढळल्यास दुरुस्तीपूर्वी मजकुराची प्रत काढणे आवश्यक असते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना २००१ मध्ये झाली. तिच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणक तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. त्याच दशकात राज्याच्या ग्रामीण भागात दीर्घ भारनियमन होते. बीड जिल्ह्यातील केजसारख्या ठिकाणी वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी क्षीण असली, की संगणक रीतसर बंद न होता एकाएकी विझत असे. पुढच्या वेळी तो सुरू करताना तपासणीचा निळा पडदा दिसणे ही नेहमीची बाब होती.

कारणमीमांसा

फाइल साठवताना डिस्कवर दोन गोष्टी लिहिल्या जातात : प्रत्यक्ष मजकूर आणि तो कोठे आहे याची नोंद. या दोहोंच्या मध्येच वीज गेल्यास त्यांत विसंगती उरते. शाळेच्या जनरल रजिस्टरात विद्यार्थ्याचे नाव असावे, पण वर्गाच्या हजेरीपटावर नसावे, तशीच ही स्थिती असते. अशी शंका असलेल्या ड्राइव्हवर प्रणाली एक खूण करून ठेवते. पुढील वेळी संगणक सुरू होताना ती खूण दिसली, की तपासणी आपोआप सुरू होते. आरंभी काही सेकंद दिले जातात. तेवढ्या वेळात कोणतीही कळ दाबल्यास तपासणी टळते, मात्र खूण कायम राहते.

एनटीएफएस ही फाइल पद्धत बदलांची रोजनिशी ठेवते, त्यामुळे तिच्यात जुन्या फॅट३२ पद्धतीपेक्षा विसंगती कमी उद्भवतात. तथापि ही रोजनिशी नोंदींची असते, मजकुराची नसते.

तपासणीचे टप्पे

एनटीएफएस ड्राइव्हवर पहिल्या टप्प्यात फाइलींच्या नोंदी, दुसऱ्यात अनुक्रमणिका व तिसऱ्यात सुरक्षाविषयक नोंदी तपासल्या जातात. आज्ञेला कोणतीही जोड न दिल्यास केवळ अहवाल मिळतो, काहीही बदलले जात नाही. '/एफ' या जोडीने नोंदी दुरुस्त होतात. '/आर' या जोडीने त्याशिवाय आणखी दोन टप्पे चालतात. त्यांत फाइलींचा मजकूर व मोकळी जागा वाचून डिस्कचे खराब भाग शोधले जातात. यास कित्येक तास लागू शकतात. सी ड्राइव्ह सतत वापरात असल्याने त्याची दुरुस्ती संगणक पुन्हा सुरू होताना करावी का, असे विचारले जाते; तेथे 'वाय' हे अक्षर दाबावे लागते.

नेहमीच्या अडचणी व उपाय

प्रत्येक वेळी तपासणी होणे : खूण पुसली जात नसल्याचे हे लक्षण आहे. 'एफएसयूटिल डर्टी क्वेरी सी:' या आज्ञेने खूण आहे की नाही ते कळते. असल्यास '/आर' जोडीने तपासणी करावी. 'सीएचकेएनटीएफएस /एक्स सी:' या आज्ञेने तपासणी बंद करता येते, परंतु त्याने दोष जात नाही, केवळ झाकला जातो.

तपासणी सुरूच न होणे : ड्राइव्ह थेट उघडता येत नाही असा संदेश आल्यास बहुधा विषाणुरोधक किंवा तत्सम आज्ञावलीने तो अडवलेला असतो. ती तात्पुरती काढावी, किंवा एक्सपीच्या सीडीवरून संगणक सुरू करून 'आर' कळीने रिकव्हरी कन्सोल उघडावा व तेथून आज्ञा द्यावी.

संगणक सुरू न होता ०एक्स००००००ईडी हा संकेतांक दिसणे : आरंभाचा ड्राइव्ह वाचता येत नाही, असा याचा अर्थ. रिकव्हरी कन्सोलमधून '/आर' जोडीने तपासणी हा प्रचलित उपाय आहे. डिस्कची केबल सैल नाही हेही पाहावे.

टक्केवारी एकाच आकड्यावर थांबणे : चौथ्या व पाचव्या टप्प्यात हे स्वाभाविक असू शकते. परंतु डिस्कमधून टकटक असा आवाज येत असल्यास दोष यांत्रिक असतो आणि तपासणीने तो वाढतो.

तपासणीचा अहवाल इव्हेंट व्ह्यूअरमधील ॲप्लिकेशन विभागात 'विनलॉगॉन' या नावाखाली सापडतो. त्यातील खराब भागांचा आकडा दर तपासणीत वाढत असेल, तर डिस्क बदलणे हाच उपाय उरतो.

मर्यादा

धनी न सापडलेले मजकुराचे तुकडे चेकडिस्क 'फाउंड.०००' या लपवलेल्या फोल्डरात ठेवते. त्यांची मूळ नावे नाहीशी झालेली असतात. म्हणून डिस्क कुरकुरू लागल्यास ती दुसऱ्या संगणकाला जोडून आधी प्रत काढावी. नवी विंडोज अशा वेळी दुरुस्ती सुचवते; प्रत पूर्ण होईपर्यंत ती नाकारावी.

मराठी मजकुराबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते. युनिकोडपूर्व काळात श्री-लिपीसारख्या संचांच्या टंकांत लिहिलेली पत्रके, प्रश्नपत्रिका व पुस्तके तोच टंक नसल्यास निरर्थक चिन्हांसारखी दिसतात. त्यामुळे फाइलींबरोबर विंडोज फोल्डरातील 'फॉन्ट्स' हा भागही उतरवून घ्यावा व यथावकाश मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा.

हेही पाहा

हार्ड डिस्क
विंडोज एक्सपी
एनटीएफएस
युनिकोड