शेअरची तेजी आणि कारागिराची अडत

शेअरचा भाव चढला म्हणजे त्या पेठेत माल विकणाऱ्याचेही भले झाले, असा आपला एक भाबडा समज असतो. अमेरिकेतील ‘एट्सी’चा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. हस्तकलेच्या वस्तूंची ही इंटरनेटवरील पेठ २००५ साली ब्रुकलिनमध्ये सुरू झाली. एप्रिल २०१५ मध्ये तिचा १६ डॉलरचा शेअर बाजारात आला, तो पहिल्याच दिवशी ३० डॉलरवर बंद झाला.

जून २०१८ मध्ये कंपनीने विक्रेत्यांकडून घ्यावयाची अडत साडेतीन टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर नेण्याचे जाहीर केले. शिवाय ती टपालखर्चावरही लागू केली. लगोलग शेअर उसळला! एकाच वार्तेने भागधारकाने हर्षभरित व्हावे आणि कारागिराने कपाळाला हात लावावा, हे पुरेसे बोलके नाही काय? बरे, मंदीत तरी अडत उतरावी! नोव्हेंबर २०२१ मध्ये ३०० डॉलरच्या घरात गेलेला शेअर काही महिन्यांतच निम्म्याहून खाली घसरला. अडत मात्र एप्रिल २०२२ मध्ये साडेसहा टक्के झाली. हजारो विक्रेत्यांनी तेव्हा आठवडाभर दुकाने बंद ठेवली. वाढ कायम राहिली. पेठ सोडावी, तर वर्षानुवर्षे जोडलेली गिऱ्हाइके आणि त्यांनी लिहिलेले अभिप्राय त्या पेठेतच राहतात.