लॅपटॉपमध्ये ती पत्रे आली कुठून?

1 जानेवारी 2018 ला भीमा कोरेगावात विजयस्तंभाला अभिवादन करायला गेलेल्या आपल्या लोकांवर हल्ला झाला, हे गास-नालासोपाऱ्याच्या प्रत्येक बौद्ध घराला माहीत आहे. आदल्या दिवशीच्या एल्गार परिषदेवरून पुढे 16 जणांना अटक झाली, हेही माहीत आहे. पण ज्या पत्रांवर हा खटला उभा राहिला ती संगणकात पोहोचली कशी, हे विचारले की आपल्यातले बरेच जण गप्प होतात. विषय तांत्रिक आहे म्हणून आपण तो सोडून देतो. तो तितका अवघड नाही, म्हणून आज सविस्तर लिहीत आहोत.

17 एप्रिल 2018 ला पुणे पोलिसांनी रोना विल्सन यांच्या दिल्लीतील घरातून लॅपटॉप जप्त केला. त्यात पंतप्रधानांच्या हत्येच्या कटाचा उल्लेख असलेले पत्र सापडल्याचे सांगण्यात आले. बचाव पक्षाने लॅपटॉपची प्रत अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेकडून तपासून घेतली. फेब्रुवारी 2021 मध्ये बाहेर आलेल्या त्यांच्या अहवालानुसार 13 जून 2016 ला विल्सन यांना वरवरा राव यांच्या खात्यावरून ईमेल आला. ओळखीच्या माणसाचा म्हणून त्यांनी जोडलेली फाईल उघडली. त्याच क्षणी 'नेटवायर' नावाचा प्रोग्राम लॅपटॉपमध्ये शिरला आणि पुढचे 22 महिने लॅपटॉपचा ताबा दुसऱ्याच कुणाकडे होता.

हा प्रोग्राम काही गुप्त शस्त्र नव्हता. तो इंटरनेटवर उघडपणे विकला जायचा. त्याचे संकेतस्थळ अमेरिकन तपास यंत्रणेने मार्च 2023 मध्ये जप्त केले. तो एकदा बसला की दूरवरचा माणूस तुमच्या फाईली पाहतो, तुम्ही टाइप केलेला पासवर्ड वाचतो, आणि मुख्य म्हणजे नवी फाईल आणून ठेवू शकतो. विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये एक लपवलेला फोल्डर तयार करून त्यात 10 कागदपत्रे ठेवली गेली, असे आर्सेनलने म्हटले. पुढच्या अहवालात आणखी 22 निघाली. या फाईली त्या लॅपटॉपवर कधी उघडल्याची खूण नाही. काही तर वर्डच्या अशा आवृत्तीत बनवलेल्या होत्या, जी विल्सन यांच्याकडे नव्हतीच! नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाचीही तीच गत. फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकात 40 हून अधिक फाईली घुसवल्या गेल्या, आणि जप्तीच्या आदल्या दिवशी, 11 जून 2019 ला, घुसखोराने आपल्या खुणा पुसायचा प्रयत्न केला. धाड उद्या पडणार हे त्याला कसे कळले? फादर स्टॅन 5 जुलै 2021 ला कोठडीतच गेले. अहवाल त्यांच्या हयातीत आला नाही.

आर्सेनलने घुसखोराचे नाव सांगितलेले नाही. इथे 'थ्रेट इंटेलिजन्स'चे काम सुरू होते. चोर पकडताना पोलीस जसे पायाचे ठसे आणि चोरीची पद्धत जुळवतात, तसेच हे अभ्यासक ईमेलची धाटणी, वापरलेले सर्व्हर आणि लक्ष्य झालेली माणसे जुळवतात. फेब्रुवारी 2022 मध्ये सेंटिनेलवन या कंपनीने अशा खुणांवरून एक टोळी निश्चित केली आणि तिला 'मॉडिफाइड एलिफंट' हे नाव दिले. ही टोळी किमान 2012 पासून भारतातील कार्यकर्ते, वकील, पत्रकार व प्राध्यापकांच्या मागे होती आणि तिचे काम भारतीय राज्ययंत्रणेच्या हिताशी जुळते, असा त्यांचा निष्कर्ष. जून 2022 मध्ये 'वायर्ड' मासिकाने पुढचा धागा दिला: हॅक झालेल्या काही ईमेल खात्यांत पासवर्ड परत मिळवण्यासाठी जो पर्यायी पत्ता आणि नंबर घातला होता, तो पुणे पोलिसांतील एका अधिकाऱ्याशी जोडलेला होता.

एनआयएने आर्सेनलचा अहवाल नाकारला. तो आरोपपत्राचा भाग नाही, खटल्यात पाहू, अशी त्यांची भूमिका. विल्सन यांना जामीन मिळायला जानेवारी 2025 उजाडले. आनंद तेलतुंबडे तर 14 एप्रिल 2020 ला, बाबासाहेबांच्या जयंतीदिवशी, आत गेले आणि 26 नोव्हेंबर 2022 ला, संविधान दिनी, बाहेर आले. तेलतुंबडे यांचा फोन पेगाससच्या निशाण्यावर होता, हे व्हॉट्सॲपनेच त्यांना 2019 मध्ये कळवले होते. पेगासस बनवणारी कंपनी ते फक्त सरकारांना विकते, असे तीच सांगते.

प्रत्येक वेळी बोट दाखवण्याची घाई मात्र करू नये. 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून 94 कोटी रुपये गेले, त्यामागे उत्तर कोरिया असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने नोंदवले. याउलट 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली तेव्हा चिनी हॅकर्सचे नाव आले. राज्याने घातपाताची शक्यता सांगितली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटले. ज्या कंपनीने चिनी टोळी शोधली होती, तिनेही वीज जाण्याशी तिचा संबंध सिद्ध झाल्याचे म्हटले नव्हते. पुरावा जिथे थांबतो तिथे थांबणे हीच या कामाची शिस्त आहे, आणि 'एहिपस्सिक' म्हणणाऱ्यांना ती वेगळी शिकवावी लागू नये.

आता आपले. जयंती मंडळाचा, विहार समितीचा, मोर्चाचा सगळा कारभार फोनवरच चालतो. फाईल धम्मबंधूच्या नावाने आली तरी उघडण्याआधी त्याला फोन लावा. आज रात्रीच ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन पर्यायी पत्ता आणि नंबर तुमचाच आहे का ते बघा. वरच्या प्रकरणात दार तिथूनच उघडे ठेवले गेले होते. व्हॉट्सॲपमध्ये जोडलेली उपकरणे तपासा, अनोळखी असेल ते काढा. दुहेरी पडताळणी लावा. अपडेट पुढे ढकलू नका. ॲपलकडून सरकारी हॅकर्सचा इशारा आला, जसा ऑक्टोबर 2023 मध्ये विरोधी नेत्यांना आला होता, तर घाबरून फोन कोरा करू नका, पुरावा जातो.

आणि कधी उपकरण जप्त झालेच, तर 'हॅश व्हॅल्यू' हा शब्द लक्षात ठेवा. उपकरणातील माहितीवरून काढलेला तो लांबलचक आकडा असतो. आत एक अक्षर बदलले तरी आकडा बदलतो. जप्तीनंतर कुणी आत काही घातले तर ते यावरून उघडे पडते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्रात तो नोंदवावा लागतो आणि नव्या संहितेनुसार जप्तीचे चित्रीकरणही बंधनकारक आहे. हॅश व्हॅल्यू जागेवरच लिहून मागा, नाही दिली तर तसे पंचनाम्यावर नोंदवा, आणि मगच सही करा.