स्थित्यंतराच्या काळातील परराष्ट्र धोरण : नरसिंह राव यांची दृष्टी

देशाचे परराष्ट्र धोरण त्याचा भूगोल, अर्थबळ आणि संरक्षणाच्या गरजा यांवरून ठरते, असे सामान्यतः मानले जाते. स्थिर काळात ते बव्हंशी खरेही असते. परंतु जगाची घडीच विस्कटते, तेव्हा जुनी गणिते उपयोगी पडत नाहीत. अशा वेळी राष्ट्राची धुरा वाहणारी व्यक्ती जगाकडे कोणत्या दृष्टीने पाहते, यावर पुष्कळ काही अवलंबून राहते. १९९१ ते १९९६ या काळात भारताचे पंतप्रधान असलेले श्री. पी. व्ही. नरसिंह राव यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

जून १९९१ मध्ये त्यांनी सूत्रे हाती घेतली तेव्हा परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. जुलैमध्ये सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे तारण ठेवावे लागले. डिसेंबरात सोव्हिएत संघराज्य विसर्जित झाले. १९७१ च्या मैत्री करारापासून शस्त्रास्त्रे, रुपयातील व्यापार आणि सुरक्षा समितीतील पाठिंबा या बाबतींत भारताचा मोठा आधार असलेले राष्ट्रच नकाशावरून नाहीसे झाले.

पंडित नेहरूंची जागतिक दृष्टी वसाहतवादविरोधी लढ्यात घडली होती. राव यांची घडण काहीशी निराळी. निजामाच्या राजवटीत वाढलेले, नागपुरात कायद्याचे शिक्षण घेतलेले आणि ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेणारे हे गृहस्थ १९८४ व १९८९ मध्ये आपल्या रामटेकमधून लोकसभेवर निवडून गेले होते. अनेक भाषांत वावरणाऱ्या माणसाला एकाच गोष्टीचे अनेक अर्थ संभवतात, याची सवय असावी. परराष्ट्र मंत्रालयाचा कारभारही त्यांनी दोनदा पाहिला होता. जुने नाते न तोडता नवे जोडावे आणि त्याचा गाजावाजा करू नये, अशी त्यांची धारणा दिसते.

या सावधपणाची किंमतही मोजावी लागली. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध उठाव झाला, तेव्हा घाईने सुधारणा करणाऱ्यांना हा इशारा आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. उठाव अवघ्या तीन दिवसांत कोसळला आणि ते उद्गार भारताला अडचणीचे ठरले.

इस्रायलच्या प्रश्नात मात्र हीच वृत्ती फलदायी ठरली. भारताने त्या देशाला सप्टेंबर १९५० मध्येच मान्यता दिली होती. परंतु संबंध मुंबईतील वाणिज्य दूतावासापलीकडे गेले नव्हते. अरब राष्ट्रांशी असलेला स्नेह, त्यांच्याकडून येणारे तेल आणि आखातात राबणारे लक्षावधी भारतीय यांचा विचार सोडणे शक्य नव्हते. राव यांनी क्रम मोठ्या विचाराने साधला. जानेवारी १९९२ मध्ये पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांचे दिल्लीत स्वागत झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच, २९ जानेवारीला, इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जाहीर करण्यात आले. पॅलेस्टाईनला १९८८ मध्ये दिलेली मान्यता कायम राहिली. कुलाबा जिल्ह्यातील गावांतून इस्रायलला जाऊन वसलेल्या आणि घरात मराठी जपणाऱ्या बेने इस्रायली कुटुंबांना या घटनेचे महत्त्व वेगळे सांगावे लागले नसेल.

इस्रायलशी हात मिळविला म्हणून इराणकडे पाठ फिरविली गेली नाही. सप्टेंबर १९९३ मध्ये राव तेहरानला गेले. १९७९ च्या क्रांतीनंतर तेथे जाणारे ते पहिले भारतीय पंतप्रधान होत. मार्च १९९४ मध्ये जिनिव्हा येथील मानवाधिकार आयोगापुढे पाकिस्तानने काश्मीरविषयक ठराव आणला, त्या वेळी या भेटीचा उपयोग झाला. इराण व चीन यांची साथ न मिळाल्याने पाकिस्तानला ठराव मागे घ्यावा लागला. भारताच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व विरोधी पक्षनेते श्री. अटलबिहारी वाजपेयी यांच्याकडे सोपविण्यात आले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. परराष्ट्र व्यवहार हा पक्षाचा विषय नव्हे, ही राव यांची भूमिका त्यातून दिसते.

आग्नेय आशियाशी व्यापार वाढविण्याचे ‘पूर्वेकडे पाहा’ हे धोरणही याच काळातले.

चीनच्या बाबतीत त्यांनी सीमेचा वाद सोडविण्याचा हट्ट न धरता तो शांत ठेवण्याचा मार्ग पत्करला. ७ सप्टेंबर १९९३ रोजी बीजिंग येथे झालेल्या करारान्वये प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर बळाचा वापर न करण्याचे उभय देशांनी मान्य केले. ही रेषा नेमकी कोठून जाते, यावर मात्र एकमत झाले नाही. पुढे सुमारे पाव शतक तेथे मोठा रक्तपात झाला नाही. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात २० भारतीय जवान धारातीर्थी पडले, तेव्हा १९९३ मध्ये अनिर्णीत ठेवलेला तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला.